भैरोबाचं सॉकेट

“यातलं सोन्याचं कुठलं?” आबा निकमांनी विचारलं.

भैरोबाच्या सभामंडपात सतरंजी अंथरली होती आणि तिच्या मधोमध आरतीच्या ताटात तीन सॉकेटं ठेवली होती. मी ती प्लास्टिकच्या पिशवीतून आणली होती. पण देवाच्या कामाची वस्तू पिशवीतून काढायची नाही म्हणून कुणीतरी ताट पुढं सरकवलं आणि सवयीनं त्यात एक सुपारीही ठेवली. ट्रस्टची माणसं वाकून वाकून बघत होती. मुलगी बघायला आल्यासारखी.

“सोन्याचं कुठलंच नाही,” मी म्हटलं. “हे गोल भोकांचं आहे ना, त्याला आतून सोन्याचा मुलामा आहे. नावापुरता.”

“मग हेच.”

“आबा, आधी ऐकून तर घ्या.”

“बाईमाणसानं देवळात हुज्जत घालू नये,” असं म्हणून आबांनी पाटणेशेठकडं बघितलं. पाटणेशेठ माझे मालक. तालुक्याच्या गावी त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी माझ्याकडं बघून डोळे मिटले. म्हणजे गप बस.

मी गप बसणाऱ्यातली नाही. तेव्हाही नव्हते. पण नोकरी होती.

हे सगळं कशावरून सुरू झालं, तर आबांच्या गुडघ्यांवरून. आबा ट्रस्टचे अध्यक्ष. आरतीचं ताट फिरवायचा मान निकमांचा आणि नगारा वाजवायचा मान येसुतात्या गुरवांचा. तात्यांचा ठोका फार संथ. एक ठोका पडला की त्याचा घुमारा कळसापर्यंत जाऊन परत येईस्तोवर ते दुसरा मारायचे नाहीत. तोवर आबांचे गुडघे बोलायला लागायचे. एकदा आबा भर आरतीत म्हणाले, “येसू, जरा हात उचल.” तात्या सगळ्यांदेखत म्हणाले, “देव जलमभर हुबा हाय. तुमाला घटकाभर हुईना?” बायका हसल्या. त्याच आठवड्यात आबा पाटणेशेठच्या दुकानात आले आणि म्हणाले, आपोआप नगारा वाजवणारं मशिन पाहिजे.

ते मशिन मी केलं. मी शाळा अर्धवट सोडलेली, लोहाराची पोर. दुकानात झाडलोट करता करता शेठ काय करतात ते बघून शिकले होते. पत्र्याची पेटी, वर छोटा नगारा, बाजूला घंटा, मोटरीवर दोन हातोड्या. आत एक बोर्ड. त्यावर आयसी, म्हणजे दोन्ही बाजूंना पाय असलेला काळा किडा म्हणा, आणि ट्रान्झिस्टर, म्हणजे तीन पायांची पत्र्याची टोपी.

मशिन देवळात आणलं त्या दिवशी अण्णा जगदाळेंनी पेटीभोवती एक फेरी मारली. ट्रस्टमध्ये दोन तट होते, निकमांचा आणि जगदाळ्यांचा, आणि अण्णा हे जगदाळ्यांचे म्होरके. देवाच्या दागिन्यांच्या पेटीलाही दोन कुलपं होती. एक किल्ली निकमांकडं, एक जगदाळ्यांकडं. दोघं आल्याशिवाय देवाला टोप चढायचा नाही.

“ह्येच्या किल्ल्या कुठायत?” अण्णांनी विचारलं.

“किल्ली नसते अण्णा. बटण दाबायचं.”

“म्हंजे कुणीबी सोमागोमा येणार आन् चालू करणार?”

तेवढ्यात कुणीतरी आत काय आहे विचारलं आणि मी हुशारी दाखवायला गेले. म्हटलं, “आयसी ठोका ठरवतो, ट्रान्झिस्टर तो मोटरीपर्यंत पोचवतो. दोघांतला एक जरी काढला तरी हा नुसता डबा.”

आबांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी आबांकडं. दोघांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं.

आयसी निकमांच्या घरी राहणार. ट्रान्झिस्टर जगदाळ्यांच्या. आरतीच्या वेळी दोघांनी आपापला आणून बसवायचा, आरती झाली की काढून घरी न्यायचा. मी दोन्ही बोर्डावर पक्के डाख लावून बसवलेले होते. ते उपटून तिथं सॉकेटं बसवायची, म्हणजे पाय खुपसायची भोकाभोकांची घरं. पाहिजे तेव्हा घाला, पाहिजे तेव्हा काढा. आणि सॉकेट कसलं, ते ट्रस्ट ठरवणार.

त्यासाठी हे ताट.

तात्या तिथंच खांबाला टेकून बसले होते. एक हात नगाऱ्यावर, आजारी बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. आबांनी ट्रस्टकडून ठरवूनच घेतलं होतं. चैत्रातल्या यात्रेची आरती मशिननं पार पाडली, की गुरवांचा मान संपला आणि नगारा सामानाच्या खोलीत.

मला त्यांची दया येत होती, असं मी म्हणणार नाही. लहानपणी मी त्या नगाऱ्यावर एकदा टिपरू मारलं होतं, तेव्हा तात्यांनी माझा कान पिरगाळून मला पायऱ्यांवरून खाली उतरवलं होतं. “लोहाराची ना तू? ऐरणीवर बडव जा.” तो कान मला आजही वेगळा ओळखू येतो. मला मशिन चालायला पाहिजे होतं.

“हे बघा,” मी पहिलं सॉकेट उचललं. “हे साधं. आत पत्र्याच्या पाकळ्या असतात, त्या पायाला धरतात. स्वस्त आहे, पण सारखं काढघाल केलं की पाकळ्या ढिल्या पडतात.”

“पत्रा?” आबा म्हणाले. “भैरोबा काय भंगारवाला हाय?”

“हे दुसरं दांडीचं. दांडी उचलायची, आयसी अलगद ठेवायचा, दांडी पाडायची. रोज काढायघालायला हेच बरोबर. मी सांगते हेच घ्या.”

अण्णांना ते आवडलं. त्यांनी दांडी वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. मग थांबले. “आयशी निकम ठेवणार. मग दांडी पाडणार कोण?”

मागून तरुण मंडळाचा एकजण उठला. “दांडी आमची! मंडळाला आजवर कसला मान न्हाई.”

दांडीचं सॉकेट तिथंच बाद झालं.

“राहिलं सोन्याचं,” आबा म्हणाले.

“आबा, ते फार घट्ट असतं. एकदा बसवलं की विसरून जायचं, अशा जागी वापरतात. तुम्ही रोज काढणार, रोज घालणार. महिन्याभरात आयसीचे पाय मोडतील.”

“मोडले तर दुसरा आणू. देवाला काय कमी हाय?”

“मग आमच्या ट्रान्झिस्टरला बी सोन्याचं,” अण्णा म्हणाले.

मी तीन भोकांचा तुकडा कापून देते म्हटलं. अण्णांनी आठ भोकांचं सॉकेट उचललं आणि मोजलं. मग कापलेला तुकडा मोजला. त्यांचा चेहरा बदलला.

“त्यांना आठ आन् आमाला तीन?”

“अण्णा, ट्रान्झिस्टरला पायच तीन असतात!”

“असूं देत. जागा तर सारखी पायजे. उद्या आमच्यात कुणी वाढलं तर?”

पाटणेशेठनी पुन्हा डोळे मिटले. मी ट्रान्झिस्टरलाही आठ भोकांचं सोनेरी सॉकेट द्यायचं कबूल केलं. तीन भोकं जोडलेली, पाच रिकामी. जगदाळ्यांच्या सगळ्या भावकीनं ती पाच भोकं समाधानानं बघून घेतली.

तात्या खांबाजवळून मला म्हणाले, “हौसे, त्या किड्याला बसाय सोन्याचा पाट. आन् माझ्या नगाऱ्याखालची चुंबळ फाटून चिंध्या झाल्या, ती कुणाला दिसंना.”

“नगारा जाणार आहे ना तात्या खोलीत,” मी म्हटलं. “चुंबळ कशाला?”

त्यांनी लोंबणारी एक चिंधी नगाऱ्याखाली परत खोचली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

यात्रेच्या दिवशी आयसीची मिरवणूक निघाली.

खोटं वाटेल, पण हलगी होती. आबांच्या घरून चांदीच्या करंड्यात, कापसावर, आयसी. दुसऱ्या आळीतून अण्णांच्या घरून कलशावर नारळ, नारळावर विड्याचं पान, पानावर ट्रान्झिस्टर. दोन्ही मिरवणुका देवळाच्या दारात एकदमच पोचल्या. आधी कोण, म्हणून कुणी मागं सरेना. शेवटी एकदमच घुसले आणि दारात अडकले. नारळ घरंगळला. ट्रान्झिस्टर एका पाहुण्याच्या फेट्यात सापडला.

आबांनी आयसी बसवायचा सराव केलेला होता. भाकरीच्या पिठात खुपसून. त्यांच्या सुनेनं मला हे सांगितलं, आणि त्या आठवड्यातल्या भाकरी चवीला कशा लागत होत्या तेही सांगितलं.

मी चौथऱ्याखाली उभी होते. यात्रेच्या दिवशी बायकांनी चौथऱ्यावर चढायचं नाही. मशिन मी केलं, बोर्ड मी केला, सॉकेटं मी बसवली, पण वर पुरुष. आयसी उलटा बसला तर जळतो म्हणून मी त्याच्या एका टोकाला नखाला लावायच्या पॉलिशनं लाल ठिपका दिला होता आणि आबांना पाठ करायला लावलं होतं, लाल ठिपका देवाकडं.

करंडा उघडला. सुवासिनी पायरीपाशी थांबल्या होत्या. त्यांनी आयसी ओवाळला. मग त्याला हळद लावली. ओली. मग कुंकू.

“अहो, नको!” मी ओरडले. “कोरडं ठेवा ते!”

आबांच्या बायकोनं माझ्याकडं दयेनं बघितलं. “अगं, पहिल्यांदा बसतंय ते. तसंच कसं बसवायचं?” आणि आणखी एक चिमूट घातली.

आता सगळा आयसीच लाल. ठिपका कुठला आणि कुंकू कुठलं! आबांनी तो किडा उलटापालटा करून बघितला, डोळे मिटले, भैरोबाचं नाव घेतलं आणि दाबला. कचकन आवाज झाला. बाजूला अण्णांनी ट्रान्झिस्टर दाबला. बटण कुणाच्या मानाचं, हे ठरवायचं राहूनच गेलं होतं, म्हणून पाटणेशेठनी घाईघाईनं दाबून टाकलं.

आणि मशिन वाजलं.

काय वाजलं! एकेक ठोका स्वच्छ. घंटा बरोबर जागेवर. बसला तो सरळ बसला होता, आणि पायही मोडले नव्हते. मी म्हणत होते ते खोटं ठरलं आणि मला त्याचा आनंद झाला. आबांनी ताट उचललं. तात्यांनी मान खाली घातली. मी मात्र माझ्या त्या कानाला हात लावून ताठ उभी राहिले.

दुसऱ्या कडव्याला ठोका जरासा पुढं सरकला. तिसऱ्याला तो पळायला लागला.

म्हाताऱ्या भजनकऱ्यांनी आधी मशिनला गाठायचा प्रयत्न केला. मग शब्द गाळले. मग नुसते कडव्यांचे शेवट म्हणायला लागले. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या टाळ्या जुळेनात. हातोड्या दिसेनाशा झाल्या, नुसता धूर फिरल्यासारखं. आबांचं ताट मशिनच्या तालात गरगरत होतं, कापूर विझला, तांदूळ उडाले. आरती संपली. मशिन थांबलं नाही. दुसरी आरती घेतली, तीही संपली. मग माहीत असलेल्या सगळ्या देवांच्या आरत्या झाल्या आणि लोकांनी पुन्हा पहिली धरली.

बाहेरच्या माणसाला वाटेल, बटण बंद करायचं. आमच्याकडं तसं नाही. नगारा वाजतोय तोवर ताट खाली ठेवायचं नाही, आणि ताट फिरतंय तोवर नगारा थांबवायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे ताटवाला आणि नगारेवाला नजरेनं जमवत आले होते. एकानं बघायचं, दुसऱ्यानं मान हलवायची, दोघांनी एकदम थांबायचं. मशिनला नजर नव्हती.

“अण्णा, तुमचं काढा!” आबा फिरता फिरता ओरडले. म्हणजे नियम मोडल्याचं पाप जगदाळ्यांच्या माथी.

“आधी तुमचं काढा!”

“आमचं आधी बसलंय. नंतर निघंल!”

“आमचं मागनं बसलंय, मागनंच निघंल!”

आबांचे गुडघे आता नुसते लटलटत होते. मला कळलं होतं काय झालंय ते. हळदकुंकवाचा थर आत जाऊन आयसीचा एक पाय टेकत नव्हता. आणि तो नेमका ठोक्याला लगाम लावणारा पाय.

“आयसी दाबा!” मी खालून ओरडले. “बोटानं दाबून धरा!”

आबांचे दोन्ही हात ताटात. अण्णा म्हणाले, “निकमांच्या वस्तूला आमी हात लावणार न्हाई.” मी पायरीवर पाय ठेवला, तशी मघापर्यंत धापा टाकणारी सगळी गडीमाणसं एका सुरात ओरडली, “हौसे, खाली!”

एवढ्या गोंधळात तेवढ्यासाठी दम होता बरं त्यांच्यात.

“मग मरा नाचून,” मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. देवळात म्हटलं.

मग माझं लक्ष तात्यांकडं गेलं. गुरव. देवाची पूजा यांच्या घरची, वर कुठंही हात लावायला यांना मोकळीक.

“तात्या, उठा. त्या काळ्या किड्यावर अंगठा ठेवा.”

“म्या? त्या टिनपाटावर?”

“ठेवा म्हणते ना!”

“येसू, ठेव बाबा अंगठा,” आबा ओरडले.

“काय म्हनलासा?” तात्यांनी कानामागं हात धरला. “ऐकू यीना. वाजतंय किती.”

“ठेव!”

“कोण ठेव?”

“येसुतात्या, हात जोडतो! हात मोकळे न्हाईत, न्हाईतर जोडलं असतं!”

तात्या उठले. सावकाश. धोतर झटकलं, टोपी सरळ केली, देवाला नमस्कार केला, पेटीपुढं मांडी घातली आणि आयसीवर अंगठा टेकवला.

ठोका मंदावला.

त्यांनी अंगठा जरा सैल केला. मशिन उधळलं. पुन्हा दाबला. मशिन शांत. दोन-तीनदा त्यांनी नुसतं बघून घेतलं, नवा बैल कितपत ओढतो ते बघतात तसं. मग त्यांच्या तोंडावर एक हसू आलं, आणि आबांचं काय होणार ते मला कळलं.

तात्यांनी ती आरती पहिल्यापासून घेतली. स्वतःच्या चालीनं. अंगठ्यानं. एक ठोका पडायचा, त्याचा घुमारा कळसापर्यंत जायचा, परत यायचा, मग तात्या अंगठा सोडल्यासारखा करायचे आणि दुसरा पडायचा. लोकांना शब्द परत सापडले. गाव एवढ्या मोठ्यानं गायलेलं मी ऐकलं नव्हतं. आबा ताट घेऊन उभे, घामानं निथळत, एका पायावरून दुसऱ्या पायावर. तात्या त्यांच्याकडं मुळी बघतच नव्हते. बघितलं असतं तर थांबायला लागलं असतं ना.

शेवटी बघितलं. मान हलवली. ताट खाली आलं, पाटणेशेठनी बटण बंद केलं. मग आबा जिथं होते तिथंच खाली बसले.

त्यानंतर ट्रस्टची बैठक झाली, भांडणं झाली. आबा म्हणाले, आरती मशिननंच पार पाडली, ठरल्याप्रमाणं नगारा खोलीत. अण्णा म्हणाले, अंगठ्याशिवाय कुठं पार पडली? आबांनी तोड काढली. अंगठा लागणार नाही असं मशिन पाटणेंनी करून द्यायचं, मग कसला गुरव आणि कसला मान. तोवर आयसीचा मान निकमांचा, ट्रान्झिस्टरचा जगदाळ्यांचा, बटणाचा तरुण मंडळाचा, असं सगळं सगळ्यांना वाटून दिलं. बैठकीत माझं नाव एकदाच निघालं. “ती लोहाराची पोरगी येऊन नीट करून जाईल.”

पाटणेशेठनी मला स्पिरिटची बाटली, ब्रश आणि नवा आयसी दिला. “धुऊन काढ आणि घट्ट बसव. पुन्हा तक्रार आली तर दुकानात यायचं नाही.”

दुपारी देवळात कुणी नव्हतं. मी चौथऱ्यावर चढले. दुरुस्तीला आलेली बाई चालते, यात्रेची नाही. पेटी उघडली. सोनेरी सॉकेटात कुंकू साखळलेलं. स्पिरिटनं पुसलं असतं तर चहा उकळेपर्यंतचं काम.

तात्या आले आणि नगाऱ्याशेजारी बसले.

“नीट हुतंय?” त्यांनी विचारलं.

“होतंय की.”

“मग अंगठा लागायचा न्हाई.”

“नाही लागायचा.”

त्यांनी नगाऱ्याखालच्या फाटक्या चुंबळीतली एक चिंधी ओढून काढली, बोटाला गुंडाळली, सोडली. “लई चांगलं वाजतं गं तुजं मशिन,” ते म्हणाले. “पहिल्या कडव्याला तर मला वाटलं, आपून कशाला जगतोय.”

एवढं कौतुक माझं तोवर कुणी केलं नव्हतं. मी ब्रश स्पिरिटात बुडवला. पुन्हा बाटलीत झटकला. झाकण लावलं.

माझ्या पिशवीत एक जुनं सॉकेट होतं, पत्र्याच्या पाकळ्यांचं. दुकानातला प्रत्येक आयसी मी त्यात घालून तपासायची. हजारदा काढघाल करून त्याच्या पाकळ्या अशा वाकल्या होत्या की कसलीच पकड राहिली नव्हती. शेठनी ते टाकून द्यायला सांगितलं होतं. मी सोनेरी सॉकेटाचे डाख सोडवले आणि ते उपटून काढलं.

“तात्या, आता कसं बसवू?”

“मला काय कळतंय त्यातलं?” तात्या देवाकडं बघत म्हणाले. “जरा ढिलंच बसव.”

मी पाकळ्या सुईनं आणखी फाकवल्या.

आबांना सांगितलं, सोन्यात कुंकू अडकतं म्हणून सॉकेट बदललं, सगळं तपासलं, पण देवाचं मशिन आहे, गुरवाचा अंगठा लागणारच. देवाचं म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. पाटणेशेठना मात्र कळलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. मला दुकानातून काढलं. मी तालुक्याला माझं दुकान टाकलं, ते आजही आहे.

नगारा खोलीत गेला नाही. लाईट गेल्यावर काय करायचं, असं कुणीतरी विचारलं, आणि आमच्याकडची लाईट तुम्हाला माहीतच असेल.

तात्या गेले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात कंपनीत लागला. मान घराकडं राहिला पाहिजे म्हणून आता त्यांची सून, पार्वती, रोज चौथऱ्यावर चढून मांडी घालून बसते आणि अंगठा ठेवते. यात्रेलासुद्धा. गेल्या यात्रेला मी खाली उभी राहून बघितलं. एकही पुरुष तिला खाली उतर म्हणाला नाही. मान आहे तो. ताट फिरवणारे निकम तिच्या मानेकडं डोळे लावून उभे होते.

आरती झाल्यावर ती पायऱ्या उतरून माझ्याकडं आली. “हौसाक्का, ते तुमचं सॉकेट लई ढिलं झालंय हो. नुसतं फुंकलं तरी पळतंय.”

“येऊ का घट्ट करायला?”

“घट्ट केलासा तर कान पिरगाळीन,” ती म्हणाली.